मिरचीची पट्टी

११ जानेवारी २००४
व्होल्गाकाठ

श्री. गेन्नादी पावलोविच यांस,

मासे पोचले. दरवर्षीसारखे वर्तमानपत्रात गुंडाळलेले आणि दरवर्षीसारखे चिठ्ठीविना. श्वेत समुद्राकाठच्या तुमच्या त्या गावात पोस्टात शाई मिळत नाही की काय? सख्ख्या बापाला 'श्री.' लिहिताना मलाच हसू आलं, पण खोडलं नाही. वादिम गेल्यावर, भावाच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण उरकून तुम्ही जे गेलात ते गेलातच. अकरा वर्षांत आपण समोरासमोर बसून घोटभर चहा प्यायलेलो नाही. मग एकदम 'बाबा' कुठून काढू?

मी अजून बास्केटबॉल खेळते. सेंटर. सत्ताविसावं संपलं. उंची एक मीटर अठ्ठ्याण्णववर थांबली, देवाची कृपा, नाहीतर बूट खास शिवून घ्यावे लागले असते. यंदा आमचा संघ फायनलला जाईल असं सगळे म्हणतात. मे महिन्यात राष्ट्रीय संघाच्या शिबिराचं बोलावणं आहे, पण डॉक्टरची सही व्हायची आहे म्हणून मोठ्यानं बोलत नाही. थू थू थू, डाव्या खांद्यावरून.

सहज एक विचारायचं होतं. वादिम गेला त्या दिवशी हॉलमध्ये त्याच्याजवळ तुम्हीच होतात. तुम्हीच त्याचे प्रशिक्षक. मी शाळेत होते, आई गिरणीत पाळीवर. पडण्याआधी त्याला नेमकं कुठे दुखत होतं? काही विशेष नाही. तपासणीत घरच्यांचे आजार विचारतात, तेवढंच.

रिम्मा


३ फेब्रुवारी

गेन्नादी पावलोविच,

कार्ड मिळालं. पुढे सील माशाचं चित्र आणि मागे तुमचा सगळा मजकूर: "हृदय. सगळ्यांना माहीत आहे. थंडीत छाती झाकून बाहेर पड."

सगळ्यांना माहीत आहे ते मलाही माहीत आहे. आईनं त्याला चिरू दिलं नाही, ओळखीच्या डॉक्टरानं कागदावर 'हृदय बंद पडलं' लिहिलं आणि विषय मिटला. बावीस वर्षांचा मुलगा का गेला ते त्यातून कुठे कळतं? मरताना हृदय कोणाचंही बंद पडतंच की शेवटी! मी ते विचारलंच नव्हतं. कुठे दुखत होतं, एवढंच विचारलं होतं.

ठीक आहे. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. तपासणी माझी झाली आहे.

क्लबमध्ये नवा डॉक्टर आलाय. इल्दार त्याचं नाव, कझानचा तातार, अजून मिसरूडही धड फुटलेली नाही. जुना डॉक्टर ईसीजी काढायचा, कागदावरच्या रेघा बघायचा, म्हणायचा, "बैल आहेस, पळ." हा पोरगा सोनोग्राफीचं यंत्र घेऊन बसला. छातीवर फिरवलं, थांबला, पुन्हा फिरवलं. मी दोन विनोद केले, तो हसला नाही.

मग म्हणाला, "अंगठा मुठीत घालून दाबा बघू."

दाबला. अंगठ्याचं टोक पलीकडून बाहेर आलं. आपल्या घरात सगळ्यांचं येतं. वादिम पाहुण्यांना हीच गंमत दाखवून चॉकलेटं मिळवायचा, आठवतं? इल्दारला गंमत वाटली नाही.

"हृदय उत्तम आहे," तो म्हणाला. "पण हृदयातून जी मोठी रक्तवाहिनी वर निघते, ती बुंध्याशी जरा रुंद दिसते."

"जरा म्हणजे किती जरा?"

"तुमच्या उंचीच्या खेळाडूत एवढी असू शकते. आणि आजारही असू शकतो. घरात कोणी तरुणपणी एकाएकी गेलंय का?"

"भाऊ. कोर्टवर. हृदयानं."

"हृदयानं, की ही वाहिनी फाटून? फाटली तर दुखणं बहुतेकदा पाठीत येतं. दोन खांद्यांच्या मधोमध, सुरी खुपसल्यासारखं. त्यांना कुठे दुखत होतं?"

मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मला माहीतच नाही. एवढी वर्षं त्याच्यासाठी मेणबत्त्या लावतेय आणि एवढंसुद्धा माहीत नाही.

तो म्हणाला, छातीत दुखलं असेल तर कदाचित वेगळं काही असेल, तपासत राहू, बघू. पण पाठीत दुखलं असेल तर कोर्टवर पाऊल टाकायचं नाही आणि थेट मॉस्कोला मोठ्या यंत्राकडे. मॉस्कोला आताच पाठवतो म्हणत होता. मी हात जोडले. मॉस्को म्हटलं की क्लबला कळणार, शिबिर गेलं, पुढच्या हंगामाचा करारही गेला. माझी जुनी सही एप्रिलअखेरपर्यंत चालते. तो म्हणाला, निदान कळेपर्यंत तरी खेळू नका. मी हो म्हटलं आणि शनिवारी बावीस गुण केले.

तेव्हा आता नीट लिहा. पुढे की मागे?

रिम्मा


२४ फेब्रुवारी
ओरेनबुर्गहून परतताना, बसमध्ये

बाबा,

अक्षर वेडंवाकडं आहे ते रस्त्यामुळे. हात कापत नाहीत माझे.

तू उत्तर दिलं नाहीस. मी रोज हॉस्टेलच्या बाईला विचारते, ती म्हणते, "कोण गं तो? लग्नाचा आहे का?" मी म्हणते, हो, साठीचा आहे आणि मासे पाठवतो.

आम्ही जिंकलो. मी कशी खेळले ते सांगते. पूर्वी रिबाउंडला उडी मारताना मला फक्त चेंडू दिसायचा. आता उडी मारली की आत काहीतरी ताणलं जातंय का ते बघते, आणि खाली येते तोवर चेंडू दुसरीच्या हातात असतो. तिसऱ्या सत्रात त्यांच्या त्या जाड पोरीनं मला कोपर मारलं, पाठीत. मी जागेवर उभी राहिले. संपलं, असं वाटलं. खरंच वाटलं. लिदिया मार्कोव्ना, आमच्या प्रशिक्षक, बाकावरून ओरडल्या, "रिम्मा, तू काय पुतळा आहेस? कबुतरं बसतील डोक्यावर!" मग पळाले.

बसमध्ये आता सगळ्या सूर्यफुलाच्या बिया फोडताहेत. मघाशी नास्त्या सांगत होती की तिच्या जुन्या संघातल्या मुलीचं ढोपर कसं फाटलं. सांगता सांगता तिनं हात स्वतःच्या ढोपरावर नेला मात्र, सगळी बस ओरडली, "आपल्या अंगावर दाखवू नकोस!" ड्रायव्हरसुद्धा. क्लावामावशीनं, म्हणजे आमच्या मालिश करणाऱ्या बाईनं, नास्त्याचं ढोपर तीनदा झटकलं आणि त्यावर फुंकर मारली, जणू दुखणं तिथे धुळीसारखं बसलं होतं. मग नास्त्यानं बाकीची गोष्ट पुढच्या सीटच्या पाठीवर दाखवली. मी हसले नाही. इल्दार पाठीतल्या दुखण्याचं सांगत होता तेव्हा मीही माझ्या पाठीला हात लावला नव्हता. इथे का, म्हणून भिंतीवरच्या सांगाड्याकडे बोट केलं होतं.

माझी पाठ दुखत नाही. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर तुला वाटेल दुखतेय. थोडी भरून आली होती, त्या कोपरामुळेच. क्लावामावशी म्हणाली, "काय वाकडी चालतेयस म्हातारीसारखी? ये, मिरचीची पट्टी लावते." लावली. कातड्याला चिकटून बसली. आधी काही नाही, मग गरम, मग आग. लहानपणचाच वास. सर्दी असो, लचक असो, नापास होणं असो, तुझं एकच औषध. आणि काढताना म्हणायचास, "तीन म्हटलं की ओढतो हं. एक, दोन..." आणि दोनवरच ओढायचास. वादिम दर वेळी फसायचा. मी नाही फसायचे, पण ओरडायचे, तुला बरं वाटावं म्हणून.

पट्टीनं बरं वाटलं. त्याच बळावर लिहिते आहे. बाबा, पुढे की मागे?

रिम्मा


२१ मार्च

बाबा,

आईकडे जाऊन आले. ती पेल्मेनीच्या पाऱ्यांत खिमा भरत होती. मी हात धुऊन शेजारी बसले आणि पारीची कड दाबता दाबता विचारलं, "आई, वादिमला कुठे दुखलं होतं?"

"कागद कपाटात आहे. वाच आणि गप्प बस."

"कागदावर कुठे ते नाहीये."

"मग त्याला विचार, ज्यानं पोराच्या हातात चेंडू दिला. मी दिला नव्हता. मी त्याला क्लॅरिनेट शिकवणार होते."

मी खेळायचं थांबेन की नाही हे त्यावर आहे, असं मी सांगितलं. तिचा हात खिम्यातच राहिला. पिठाच्या हातानंच ती स्टुलावर बसली. मग बोलली ते मला नवीन होतं.

म्हणाली, "त्या संध्याकाळी तुझा बाप दवाखान्यातून आला. कोटही काढला नव्हता. म्हणाला, झोया, वादिम म्हणत होता इथे दुखतंय, आणि हात असा वर गेला त्याचा. माझ्या आईनं फाडकन हातावर मारलं. म्हणाली, एक गेला तेवढा पुरे नाही का, आपल्या अंगावर दाखवतोस! त्यानं हात खाली घेतला. मग कधी काही बोललाच नाही."

"हात कुठे जात होता?"

"मी बघितलं नाही गं. मी त्याच्या बुटांकडे बघत होते. एका हातात वादिमचे बूट होते."

बाबा, आजीनं मारलेला तो फटका अजून तुझ्या हातावर आहे का? आजी गेली. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. तुझं काहीतरी दडवलेलं आहे एवढं मला कळतं, कारण मीही तुझीच मुलगी आहे आणि मीही इल्दारला चुकवत फिरते आहे. त्याला परवा कँटीनमध्ये पाहिलं तर मी लापशीची ताटली तशीच ठेवून मागच्या दारानं पळाले. एवढी मोठी बाई, दार अपुरं पडतं, आणि पळते! तो सहीसाठी थांबलाय. म्हणाला, एप्रिल उलटू देणार नाही, मग मीच क्लबला सांगेन.

सेमीफायनल आम्ही जिंकलो आहोत. फायनल १० एप्रिलला, आमच्याच हॉलमध्ये. तुझं उत्तर आलं नाही तर मी खेळणार. हे धमकी म्हणून लिहीत नाही. मला थांबायला कारण हवंय, आणि नुसती भीती हे कारण होत नाही. भीती प्रत्येकीला वाटते, नास्त्यासुद्धा सामन्याआधी ओकते. रोज झोपताना छातीवर हात ठेवते, मग पाठीवर पोचत नाही म्हणून भिंतीला पाठ लावून बसते. भिंत गार असते. तेवढंच बरं वाटतं.

तुला लिहवत नसेल तर लिहू नकोस. सोबत कागदाची बाहुली पाठवते. एका बाजूला पुढून माणूस, दुसऱ्या बाजूला मागून. चित्रकला तुझ्यासारखीच आहे, कान विसरले. हे कोणाचंही अंग नाही, नुसता कागद आहे, यावर फुली मारल्यानं कोणाला काही होत नाही. एक फुली मार आणि परत पाठव. 'प्रिय रिम्मा' सुद्धा लिहू नकोस.

तुझी रिम्मा


१७ एप्रिल
मॉस्को, दवाखाना

बाबा,

पार्सल दहा तारखेला सकाळी आलं. हॉस्टेलची बाई जिन्यातूनच ओरडली, "रिम्मा, तुझे मासे! सगळा मजला वासानं भरलाय!" एप्रिलमध्ये मासे. तू फक्त नव्या वर्षाला पाठवतोस.

वर्तमानपत्र, मासे, पुन्हा वर्तमानपत्र. मधे माझी बाहुली. कोरी. दोन्ही बाजू उलटून पाहिल्या, खिडकीशी धरून पाहिल्या. एवढा राग आला मला! म्हटलं, कागदावरसुद्धा नाही? कागदावरसुद्धा धीर होत नाही या माणसाला? आणि मग तो फोटो खाली पडला.

सुरुवातीला कळलंच नाही काय आहे ते. एका म्हाताऱ्याची उघडी पाठ. मणके मोजून घ्यावेत इतकी वाळलेली. लांब हात डोक्यामागून वळवून खाली आणलाय, आणि एक बोट ताणून दाखवतंय. बोट जिथे टेकलंय तिथे, दोन खांद्यांच्या मधोमध, मिरचीची पट्टी. नवीकोरी, कडा सरळ. एवढ्या मधोमध स्वतःला लावता येत नाही, कोणाकडून तरी लावून घेतली असशील. पोस्टातल्या बाईकडून? तिला काय सांगितलंस?

मी जमिनीवर बसले, माशांमध्ये. कुठे ते कळलं, आणि दुसरंही कळलं. वादिम म्हणाला, बाबा, पाठ दुखतेय. तू म्हणालास, लचकली असेल, ये इकडे. आणि पट्टी लावलीस आणि म्हणालास, पळ.

अकरा वर्षं तू हेच घेऊन त्या समुद्राकाठी बसला आहेस. आणि दाखवलंस ते कागदावर नाही, आपल्या अंगावर. जन्मभर ज्यानं आम्हाला बोटाची चीरही स्वतःवर दाखवू दिली नाही, त्यानं.

फोटो घेऊन मी तशीच हॉलवर गेले. लिदिया मार्कोव्ना पाट्यांवर नावं लावत होत्या. त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"हे काय? कोण हा म्हातारा?"

"माझे वडील. मी आज खेळणार नाही."

"त्यांची पाठ दुखते म्हणून तू खेळणार नाहीस? बावीस वर्षं झाली मला या धंद्यात, अशी सबब कोणी आणली नव्हती!"

मग मी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. त्या ऐकत गेल्या आणि हळूहळू बाकावर बसल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "आणि फेब्रुवारीपासून मी तुला पुतळा म्हणतेय." त्यांनी माझं नाव पाटीवरून काढलं आणि स्वतः जाऊन इल्दारला घेऊन आल्या. तो पोरगा धावत आला. एका पायात चप्पल, एका पायात बूट.

फायनल मी बाकावरून पाहिली, कोट घालून. हरलो. चार गुणांनी. शेवटच्या मिनिटाला रिबाउंड आमच्या नव्या पोरीच्या हातून निसटला, तेव्हा माझे हात आपोआप वर गेले होते. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता की ही का बसली आहे. कोणीतरी मागून ओरडलंही, "रिम्मा, पैसे कोणाकडून खाल्लेस?" मी मान वळवली नाही. त्या क्षणी तू शेजारी असतास तर बरं झालं असतं.

क्लावामावशी आता माझ्याकडे बघत नाही. तिनं फोटो पाहिला आणि तिला फेब्रुवारीतली ती पट्टी आठवली. मला निरोप द्यायला सगळ्या स्टेशनवर आल्या, ती खांबामागे उभी होती. मी तिच्यापाशी जाऊन म्हटलं, मावशी, पाठ दुखतेय म्हटल्यावर आपल्याकडे कोणीही दुसरं काय करेल? राजाची पाठ दुखली तरी आपण पट्टीच लावू. ती रडली. तुलाही तेच सांगायचं होतं, म्हणून लिहिलं. मीही आनंदानं लावून घेतली, बाबा, आणि वर तुला कळवलं की बरं वाटलं. ते वाचून तुला काय झालं असेल याचा विचार आज करतेय.

इथल्या मोठ्या यंत्रात मला घातलं. वाहिनी फुगली आहे, इल्दारनं पाहिली त्याहून बरीच जास्त. इथले सर्जन हळू आवाजात बोलणारे गृहस्थ आहेत. म्हणाले, "आणखी एखादी जोराची उडी मारली असतीत तर सांगता येत नाही." मग विचारलं, घरात कोणाला होतं हे कळलं कसं? मी फोटो दाखवला. त्यांनी चष्मा काढून पाहिला आणि म्हणाले, "यांनाही तपासायला हवं. लगेच." ऐकतोयस? हे तुझ्याच अंगठ्यातून आलंय.

खेळ संपला. शिबिर, करार, सगळं. त्याचं दुःख नंतर करीन, आता जागा नाही. फुगलेला भाग कापून कापडाची नळी शिवणार आहेत. बुधवारनंतरच्या बुधवारी. छाती मधोमध उघडतात. हे इथल्या नर्सनं सांगितलं आणि सांगताना बोट स्वतःच्या छातीवर नेलं, मी ओरडले, आपल्या अंगावर नको! सगळ्या वॉर्डातल्या बाया हसल्या. मी नाही हसले. मला भीती वाटते, बाबा. कोर्टवर वाटायची तशी नाही. तिथे निदान पळता यायचं. इथे झोपून राहायचं आणि दुसऱ्यानं आत हात घालायचा.

म्हणून तू ये. आगगाडीनं दोन दिवस लागतात, विचारून घेतलंय. मासे आणू नकोस, इथे चालत नाहीत. आईही पुन्हा येणार आहे. परवा इथे भेटायला आली तेव्हा तिला फोटो दाखवला. जाताना ती तो पिशवीत घालून घेऊन गेली.

आणि मी तुला ओळखते. ती पट्टी तू अजून काढलेली नाहीस. माझं उरकेपर्यंत काढायची नाही असं काहीतरी मनाशी ठरवलं असशील. कातडं सोलवटेल, वेड्या. काढू नकोस, तशीच घेऊन ये. या खाटेवर माझ्याकडे पाठ करून बस. तीन म्हटलं की ओढते हं.

एक. दोन.

रिम्मा